उलट पावलांचं काम

दोर वळणाऱ्या घरात दोन माणसं दिवसभर एकमेकांची तोंडं बघत असतात आणि त्याला इलाज नसतो. एक जण चाकापाशी बसून मूठ फिरवतो. दुसरा कमरेला वाखाची, अंबाडीच्या सालीच्या तंतूंची, जुडी गुंडाळतो, चाकाच्या आकड्याला पहिला धागा अडकवतो आणि बोटांतून वाख सोडत सोडत उलट्या पावलांनी मागं जातो. मागं दगड आहे की खड्डा, त्याला दिसत नाही. दिसतं ते फक्त चाकावरचं माणूस, पावलागणिक लहान होत जाणारं.

या घरात उलटं चालायचं काम थोरल्या सुनेचं आणि चाक धाकटीचं. गल्लीतल्या पोरांनी थोरलीचं नाव ‘उलटी’ पाडलं होतं आणि तिचा स्वभाव बघता त्यात फारसं चुकलं नव्हतं. कुणी चांगलं म्हटलं की ती वाकडं म्हणायची. पण कामाला तिच्या तोडीचं त्या गावात कुणी नव्हतं. तिच्या बोटांतून सुटलेला धागा पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत एकसारखा यायचा. धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून या दोघी घरापुढच्या झाडांखालच्या लांब वाटेवर समोरासमोर होत्या. धाकटीला जांभई येणार, हे तिच्या आधी थोरलीला कळायचं.

म्हणून त्या दिवशी चाक थांबलं तेव्हा थोरलीला आधी रागच आला. ती वाटेच्या पार टोकाला होती. धागा हातात ताठ होता, आणि एकाएकी तो सैल पडला. तिनं हाक मारली. धाकटीचा हात मुठीवर होता, डोळे उघडे होते, आणि ती थोरलीकडे बघत असूनही बघत नव्हती. धाग्याचा पीळ उलगडला, सगळा धागा जमिनीवर गोळा होऊन पडला. सकाळचं काम वाया गेलं. थोरली ताडताड चालत आली.

“काय झालं हाताला?”

“हाताला काही नाही झालं, ताई,” धाकटी म्हणाली. “तो फिरतच नाहीये.”

एवढं बोलून ती उठली, आत गेली आणि मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली. झोळीत तिचं बाळ रडत होतं. ते तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. बाळाला थोरलीनंच उचललं.

*

आजारी पडायची ही वेळ नव्हती. तळ्यात अंबाडीच्या पेंढ्या दगडाखाली दाबून भिजत घातल्या होत्या. साल सुटायला लागली की पेंढ्या लगेच काढाव्या लागतात. चार दिवस जास्त राहिल्या तर वाख कुजतो, हाताला लागला की तुटतो, आणि मग पुढच्या हंगामापर्यंत चाकावर बसून माश्या मारायच्या. त्यात ऊन असं की तळ्याचं पाणी रोज बोटभर उतरत होतं आणि उरलेलं पाणी तापून पेंढ्या लवकर सडवत होतं.

धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, एकटाच पेंढ्या ओढत होता. थोरला गाडीवर दोर घालून गावोगावच्या बाजारांना गेला होता, तो आठवड्याने उगवायचा. म्हणून थोरली पाण्यात उतरली. मांडीएवढ्या पाण्यात उभं राहायचं, एकेक काडी मोडायची, साल ओढून काढायची, दगडावर आपटून धुवायची. पाण्याला असा वास की घरी आल्यावर मांजरही जवळ फिरकायचं नाही. बोटांच्या टोकांची कातडी पांढरी होऊन सुरकुतायची. कमरेत जी कळ होती ती आताची नव्हती, गेल्या कित्येक वर्षांची होती, पण पाण्यात ती वर खांद्यापर्यंत चढायची.

दुपारी ती घरी आली की पहिली नजर मागच्या खोलीकडे जायची. धाकटी तशीच. त्याच कुशीवर. केस तसेच. आणि उशाशी पितळेचा पेला.

त्या पेल्यानं थोरलीचा जीव खाल्ला. सासू रोज दूध तापवायची, डब्यातली साखर काढायची, दोन चमचे पेल्यात टाकून ढवळत बसायची. मग पेला घेऊन मागच्या खोलीत जायची, अंथरुणाच्या कडेला बसायची, धाकटीच्या कपाळावरचे केस बाजूला करायची आणि हळू आवाजात काहीतरी बोलायची. थोरलीशी ती असल्या आवाजात कधी बोलली नव्हती. थोरलीशी बोलताना तिचा आवाज अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायचा, कारण थोरली बहुतेक त्या टोकालाच असायची.

“एवढं गोड दूध आयतं मिळालं तर मीही पडून राहीन,” थोरली एकदा चुलीपुढे म्हणाली, ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. सासूनं मान वर केली, पण ती बोलली नाही. बोलली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं. भांडायला तरी मिळालं असतं.

तळ्यावर शेजारणी यायच्या त्यांना तर विषयच मिळाला होता. एक म्हणाली, बाळंतपण झालं की असं होतं काहींना. दुसरी म्हणाली, हिची आई गेली ना गेल्या हिवाळ्यात, त्याचा धसका. तिसरी म्हणाली, कसला धसका, नवरा लाड करतो म्हणून. थोरलीनं तिसरीची बाजू घेतली. पण मनात तिला भलतंच वाटत होतं. धाकटीच्या आडवं होण्याला गावानं तीन तीन कारणं शोधली होती. थोरलीच्या उभं असण्याचं कारण कुणी विचारलं नव्हतं.

तिचा मुलगा गेला होता, रांगायला लागला होता तेव्हा. एका तापात. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली होती, त्याच्या पाठची मुलगी लग्न होऊन लांब नांदत होती. तो गेला त्याच आठवड्यात थोरली पुन्हा वाटेवर उलटी चालत होती. तेव्हा चाकावर सासू बसायची. सासू तेव्हा म्हणाली होती, कामात राहिलं की विसर पडतो. बरोबरच होतं ते. कपाळावरचे केस मात्र कुणी बाजूला केले नव्हते.

बाळ मात्र थोरलीचं होऊन बसलं होतं. ओल्या कपड्यांनीच ती त्याला काखेला मारायची आणि ते तिच्या मानेत नाक खुपसून झोपायचं. धाकटीनं घेतलं की रडायचं. थोरलीला यात आनंद व्हायचा आणि तो आनंद चांगला नाही, हेही तिला कळायचं. तरी व्हायचा.

*

थोरला बाजारातून आला त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. पहिल्या घासाला त्यानं तोंड वाकडं केलं.

“मीठ काय तुझ्या माहेराहून फुकट येतं का?”

दीर हसला. सासूनंही ताट जरा पुढे सरकवलं. हे आताशा रोजचंच झालं होतं. कधीपासून, ते सांगता आलं नसतं, पण थोरलीच्या हातचं खारट लागतं ही घरातली ठरलेली थट्टा झाली होती. दीर म्हणायचा, वहिनींना मिठाचा हात सैल आणि बोलायचा त्याहून सैल. थोरलीनं स्वतः चाखून पाहिलं होतं. तिला तर ते बेचव लागत होतं, आणखी मीठ हवं असं वाटत होतं. तिनं मनाशी ठरवून टाकलं की धाकटीच्या हातच्या जेवणाची सवय झालीय सगळ्यांना, म्हणून माझ्यात खोड काढतात. तिनं दिराच्या पुढचं ताट उचललं आणि गोठ्याच्या दिशेनं नेऊन ओतून आली. जनावरानंही जरा हुंगून तोंड फिरवलं. ते बघून थोरला इतका हसला की त्याला ठसका लागला.

भांडी घासून झाल्यावर थोरल्यानं गाडीवरचे उरलेले दोर उतरवले. दोरांची खोली घराच्या कडेला होती. पूर्ण झालेले दोर वेटोळी करून तिथं ठेवायचे, आणि त्या खोलीची किल्ली थोरलीच्या कमरेला असायची. ती लग्न होऊन आली आणि तिच्या हातचा पहिला दोर सासूला पसंत पडला, त्या दिवशी सासूनं ती तिच्या हातात दिली होती. थोरलीजवळ घरातलं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. चालताना ती किल्ली वाजायची, आणि ती वाजावी अशीच ती चालायची.

ती कुलूप उघडायला निघाली तर सासू आडवी आली.

“किल्ली दे माझ्याकडे,” सासू म्हणाली. “आजपासून माझ्यापाशी राहील.”

“का?”

“राहील म्हणून सांगितलं ना.”

थोरला, दीर, दोघे बघत होते. थोरलीनं कमरेची गाठ सोडली. बोटं ओली होती म्हणून गाठ लवकर सुटेना, आणि तेवढा वेळ सगळे तिच्या कमरेकडे बघत उभे राहिले. सासूनं किल्ली घेतली, स्वतःच्या कमरेला खोचली. मग तिनं अंगणात, ओसरीवर, चाकापाशी पडलेला दोराचा तुकडा न् तुकडा गोळा केला. बाळाच्या झोळीची दोरीसुद्धा सोडली आणि त्या जागी जुनं कापड फाडून बांधलं. सगळं आत टाकून कुलूप लावलं.

थोरलीला वाटलं, आता आपण चोर ठरलो. आपण तुकडे विकतो, माहेरी पाठवतो, असं काहीतरी म्हातारीच्या डोक्यात कुणीतरी भरलं. कुणी भरलं असणार? दिवसभर जिच्या उशाशी म्हातारी बसते, तिनंच. आडवी पडून आपली किल्ली काढून घेतली बयेनं.

झोपायच्या आधी तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं की हे बरोबर आहे का.

“अगं, तिचं बरं नाही,” थोरला म्हणाला. “आई घाबरलीय. चार दिवस जाऊ देत.”

“आणि माझं?”

“तुला काय झालंय?” त्यानं खरोखरच विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. तो उत्तराची वाट बघत थांबलाही. पण थोरलीला काय झालंय ते तिलाच सांगता येईना, आणि मग त्याला झोप लागली. ती नेहमीसारखी पहाटेच्या पुष्कळ आधी जागी झाली, छातीवर कुणीतरी पाय ठेवून उभं असावं तशी, आणि उजाडायची वाट बघत पडून राहिली. पूर्वी ती अशा वेळी उठून दोरांच्या खोलीत जाऊन बसायची. वेटोळ्यांवर. काही करायची नाही, नुसती बसायची. आता तीही सोय राहिली नव्हती.

*

त्यानंतर चार दिवस घरातली कामं अशी झाली की थोरली तळ्यावरून आली की चाकापाशी सासू बसायची आणि तिचा हात दर थोड्या वेळानं थकायचा. धागा मध्येच जाड, मध्येच बारीक येत होता. थोरली उलटी चालताना समोर धाकटीच्या जागी सासूचं तोंड बघायची आणि तोंड लहान होत गेलं तरी किल्ली दिसतच राहायची. संध्याकाळी वळलेला दोर आत ठेवायचा तर सासूला हाक मारावी लागायची. सासू यायची, कुलूप काढायची, दारात उभी राहायची, ती बाहेर येईपर्यंत. आपल्याच घरात झडती दिल्यासारखं थोरलीला वाटायचं.

शेवटी दिरानं विषय काढला. धाकटीनं दोन दिवस दूधही सोडलं होतं, नुसता पेला हातात धरून बसायची. तो म्हणाला, तालुक्याच्या दवाखान्यात या आजाराची डॉक्टरीण आठवड्यातून एकदा येते, तिला दाखवू. मनाच्या आजाराची. ‘मनाच्या’ म्हणताना त्याचा आवाज खाली गेला. सासूनं नुसती मान हलवली. पण न्यायचं कुणी? पेंढ्या आता काढल्या नाहीत तर गेल्याच. थोरला पुन्हा गाडी घेऊन बाहेर पडला होता. राहिली थोरली.

“तूच जा,” सासू म्हणाली. “तिच्यानं बोलवत नाही. तुझं तोंड चालतं. डॉक्टरीण विचारील ते सगळं नीट सांग, काही लपवू नकोस.”

थोरलीच्या अगदी ओठावर आलं होतं की तोंडापुरतीच उपयोगाची आहे का मी. पण धाकटी दारात येऊन उभी होती, भिंतीला हात लावून. तिच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. असली बाई बसमध्ये बरोबर न्यायची तर लोक काय म्हणतील, म्हणून थोरलीनं तिला पायरीवर खाली बसवलं आणि फणी घेतली. गुंता सोडवायचं काम तिचंच होतं, वाख विंचरून विंचरून बोटांना त्याची सवय होती. टोकापासून सुरुवात करून ती हळूहळू वर सरकत गेली. धाकटी हूं की चूं करत नव्हती. मानेवरची हाडं दिसत होती. थोरलीला वाटलं, या मानेवरून किती दिवस झाले आपण नजर फिरवली नाही, नुसता पेलाच बघतोय. पण ते वाटणं फार टिकलं नाही, कारण सासू बाळ घेऊन आली आणि धाकटीच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “जपून ने हिला.” बसमध्ये चढेपर्यंत ते ‘हिला’ थोरलीच्या डोक्यात घणासारखं वाजत राहिलं.

*

दवाखान्यात बाकावर गर्दी होती. बसायची पाळी आली ती धाकटीची, थोरली भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आत बोलावलं तेव्हा डॉक्टरीण बाईंनी दोघींना खुर्च्या दिल्या. वय फार नव्हतं. चष्मा होता आणि घाई नव्हती. या घाई नसण्याचीच थोरलीला पंचाईत झाली. तिनं सगळं भराभर सांगायची तयारी केली होती, आणि ही बाई प्रश्न विचारून चक्क थांबत होती.

“झोप कशी लागते?” त्यांनी धाकटीला विचारलं.

धाकटी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. थोरलीला ती शांतता सोसेना.

“लागते कुठे,” ती म्हणाली. “पहाटेच्या किती आधी टक्क जाग येते. छातीवर ओझं ठेवल्यासारखं होतं. उजाडेपर्यंत तसंच.”

धाकटी तर ऊन अंगणात आलं तरी उठायची नाही. पण ते थोरलीच्या ध्यानात आलं नाही. डॉक्टरीण बाईंनी लिहून घेतलं.

“जेवण?”

“पोटात ढकलायचं म्हणून ढकलायचं. चव कशालाच नाही.”

“अंगात काही दुखणं आहे? जुनं?”

“कंबर. रोजची. आता ती नाही दुखली तर चुकल्याचुकल्यासारखं होईल.”

“माहेरी कुणाला असा त्रास होता? आई, वडील?”

“वडिलांना,” थोरली म्हणाली. आता तिला थांबवता येत नव्हतं. तिला आजवर कुणी असं ओळीनं विचारलंच नव्हतं. “शेवटचे दोन पावसाळे ओसरीत बसून होते. काम सोडलं, बोलणं सोडलं. आम्ही आळशी म्हणायचो त्यांना. आई तर पाण्याचा तांब्या आपटायची पुढे. मग एक दिवस झोपेतच गेले.”

“घरी मोकळं बोलायला कुणी आहे? नवरा?”

“तो असतो कुठे घरी. असला तरी झोपतो. बोलायचं काय, दिवसभर उलटं चालायचं. समोर जे तोंड असेल त्याच्याकडे बघायचं.”

“अलीकडे किंवा मागे, जवळचं कुणी गेलंय?”

“मुलगा,” थोरली म्हणाली. “रांगायला लागला होता.”

खोलीत पंखा फिरत होता. धाकटीनं मान वर केली. टेबलावरून तिची नजर थोरलीच्या चेहऱ्यावर आली आणि कितीतरी दिवसांनी ती नजर ज्याच्यावर पडली होती त्याला बघतही होती.

“ताई,” ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. “माझं बाळ घरी आहे. आईंपाशी.”

थोरलीला आधी कळलं नाही. मग कळलं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतकी लाज तिला तळ्यातून ओल्या कपड्यांनी गावातून येतानाही कधी वाटली नव्हती.

“बोलण्याच्या ओघात गेलं,” ती म्हणाली. “हिचं लिहा तुम्ही. माझं खोडा.”

डॉक्टरीण बाईंनी खोडलं नाही. त्यांनी कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि पुन्हा धाकटीला पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. आणि या वेळी धाकटी बोलली, अडखळत, पाणी मागत, पण स्वतःचं स्वतः. तिचे वडील हट्टेकट्टे होते, असं व्हायचं ते आईला. तिला स्वतःलाही शाळेत असताना एकदा झालं होतं, कुणाला कळलं नव्हतं. मग बाळ झालं, मग आई गेली. बाळाला बघून काहीच वाटत नाही, एखाद्या परक्याच्या घरातलं असल्यासारखं, आणि ताईंच्या काखेत ते झोपलेलं बघितलं की वाटतं, आपण नसलो तरी त्याचं अडणार नाही.

हे शेवटचं ऐकून थोरलीनं हात मांडीखाली घेतले. बाळ काखेला घेऊन ती मुद्दाम त्या खोलीच्या दारासमोरून फिरली होती. एकदा नाही, रोज.

“जीव द्यावा असं मनात येतं का?” डॉक्टरीण बाईंनी विचारलं, झोपेबद्दल विचारलं होतं त्याच आवाजात.

“यायचं,” धाकटी म्हणाली. “आमच्या घरात जिकडे बघावं तिकडे दोर. मग मीच आईंना सांगितलं, मला दोर दिसू देऊ नका. आईंनी त्याच दिवशी किल्ली घेतली.”

थोरलीचा हात आपोआप कमरेपाशी गेला, जिथं आता काही नव्हतं.

डॉक्टरीण बाईंनी मग दोघींनाही समजावून सांगितलं. हा आळस नाही आणि नखरा नाही, आजार आहे. त्याचं एकच कारण शोधत बसू नका, ते सापडत नाही. घराण्यात असतं, बाळंतपणानंतर अंगात उलथापालथ होते, जवळचं माणूस जातं, जुनं दुखणं पिच्छा सोडत नाही, सोबत नसते, कधी रक्तातच काही कमी पडतं. यातलं थोडं थोडं जमत जातं. एखाद्याला पुष्कळ असून होत नाही, एखाद्याला थोड्यानं होतं. औषध आहे, पण त्याला गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडायचं नाही. तोवर हिला एकटं ठेवू नका, आणि आईंनी केलं ते अगदी बरोबर केलं. पुन्हा तसं मनात आलं तर दिवस न बघता लगेच इथं या.

खरं सांगायचं तर थोरलीला त्याही वेळी हेवाच वाटला. धाकटीजवळ सांगण्यासारखं होतं, बाळंतपण होतं, आई गेली होती, सगळं ताजं होतं. तिला स्वतःला जे होतं ते इतकं जुनं की त्याबद्दल आता आडवं पडणं शोभलं नसतं.

“आणि तुमचं?” डॉक्टरीण बाई म्हणाल्या. पहिला कागद त्यांनी पुन्हा पुढ्यात ओढला होता.

“मी सोबत आलेय.”

“कळलं. पण या कागदावरच्या बाईंची मला काळजी वाटतेय. त्यांच्या मनात तसं कधी येतं का?”

थोरलीनं पंख्याकडे बघितलं, मग खिडकीकडे.

“मला कुठे वेळ आहे,” ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. डॉक्टरीण बाईंनी वाट बघितली. धाकटीनं खुर्चीवरून हात लांब केला आणि थोरलीच्या मांडीखालचा एक हात ओढून काढला. तो हात पाण्यानं सुरकुतलेला होता आणि धाकटीचा इतके दिवस काम नसल्यानं मऊ पडला होता. थोरलीनं तो सोडवून घेतला नाही. डॉक्टरीण बाईंनी दोघींच्या रक्ताची तपासणी लिहून दिली, धाकटीच्या गोळ्या दिल्या, आणि पुढच्या आठवड्यात दोघींनी यायचं, दोघींशी निराळं निराळं बोलायचंय, असं सांगितलं.

*

घरी पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दीर तळ्यावरून नुकताच आला होता, अंगभर चिखल. तिसरा हिस्सा पेंढ्या कुजल्याच, तो म्हणाला, आणि त्याबद्दल आणखी कुणी काही बोललं नाही. बाळ सासूच्या मांडीवर होतं. थोरलीला बघून त्यानं हात पसरले. थोरली जागची हलली नाही. धाकटी पुढे झाली, तिनं त्याला घेतलं, ते रडायला लागलं, आणि थोरली पाठ फिरवून हातपाय धुवायला गेली. ते रडणं ऐकत उभं राहणं तिला पेंढ्या ओढण्यापेक्षा जड गेलं.

ती परत आली तर सासूनं विचारलं, “काय म्हणाली डॉक्टरीण?”

“गोळ्या दिल्यात,” थोरली म्हणाली. “बरं होतं म्हणाली. पुढच्या आठवड्यात बोलावलंय.”

“ताईंना पण बोलावलंय,” धाकटी आतून म्हणाली. “ताईंचंही तसंच आहे, आई.”

सासू थोरलीकडे बघायला लागली. बघता बघता तिचा हात कमरेच्या किल्लीवर गेला आणि तिथंच थांबला. थोरलीनं तो हात पाहिला. या घरात आल्यापासून तिच्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं, भिऊन. हेच हवं होतं का आपल्याला, असं तिच्या मनात आलं आणि ती उंबऱ्यावर बसली.

सासू चुलीपाशी गेली. तिनं दूध तापवलं, तोच पितळेचा पेला घेतला. डब्यातून साखर काढली, एक चमचा, मग दुसरा, मग थोडं थांबून तिसरा. ढवळून तिनं पेला आणून थोरलीच्या हातात दिला आणि तिच्या शेजारी बसली. हात उचलून तिनं थोरलीच्या कपाळाकडे नेला, पण थोरलीचे केस घट्ट बांधलेले होते, बाजूला करण्यासारखं काही नव्हतं. तो हात तिनं मग थोरलीच्या पाठीवर ठेवला.

थोरली दूध प्यायली. कितीतरी दिवस या पेल्यावर तिचा डोळा होता. तिनं घोट तोंडात धरून ठेवला, गिळला, पुन्हा एक घेतला.

“साखर घालायची राहिली वाटतं, आई.”

सासूनं पेला तिच्या हातातून घेतला आणि स्वतः एक घोट घेतला. पेला खाली करून तिनं आत बघितलं. तळाशी न विरघळलेली साखर दिसत होती.

“गोड आहे गं,” ती हळू म्हणाली. “फार गोड आहे.”

थोरली पेल्याच्या तळाकडे बघत राहिली. तिला ते खारट ताट आठवलं, जनावरानं फिरवलेलं तोंड आठवलं, आणि नवरा हसला होता तेही. दीर चिखलाच्या पायांनी अंगणात उभा होता. त्यानं मान खाली घातली.

बऱ्याच वेळानं सासूनं कमरेची किल्ली काढली. तळहातावर घेऊन ती बसून राहिली, द्यावी की न द्यावी, हे तिला ठरवता येत नव्हतं.

“राहू द्या,” थोरली म्हणाली. “किल्ली तुमच्यापाशीच राहू द्या.”